वेण

गोरखपूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पूर्वांचलातले गोरखनाथांचे शहर उभे राहते. जबलपूरचे गोरखपूर त्याहून पुष्कळ लहान. शहर नव्हे, शहरातलीच एक जुनी, गजबजलेली वस्ती. दर्शनी बाजूला दुकानांच्या ओळी, त्यांच्या मागे गल्ल्या, आणि गल्ल्यांतून अजूनही तग धरून असलेली अंगणाची काही घरे. जवळच हाऊबाग स्टेशन. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत सातपुड्याच्या जंगलातून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचे ते स्टेशन. २०१५ साली ती गाडी बंद झाली आणि पुढे त्या मार्गावर मोठे रूळ आले. नागपूरकर भोसल्यांचा अंमल नर्मदेच्या ह्या काठावर फार वर्षे टिकला नाही. पण मागाहून आलेल्या इंग्रजी राजवटीत नागपूर आणि जबलपूर ही एकाच प्रांतातली गावे झाली. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि त्याच्या दप्तरांबरोबर नागपूरची काही कुटुंबेही आली. तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे आणि तारखाते ह्यांनी आणलेली मराठी घरे त्याआधीपासून होतीच.

ह्या घरांतल्या लेकी सातव्या-आठव्या महिन्यात पहिलटकरीण म्हणून माहेरी येत. त्या छोट्या गाडीचे हिसके सोसत कितीतरी पोटुश्या बायका गोंदियाकडून हाऊबागला उतरल्या असतील. जंगलातल्या एखाद्या स्टेशनावर कळा सुरू झाल्या तर काय, ही धास्ती प्रत्येकीच्या सोबतीला आलेल्या म्हातारीला असे. गाडी गेली, धास्तीचे ते रूप गेले. माहेरी येण्याची रीत मात्र राहिली.

शंभर वर्षे हिंदीच्या शेजारात राहिलेल्या ह्या घरांची मराठी थोडी निराळी आहे. इथे बाळंतपणाला ‘जचकी’ म्हणतात आणि कळा सुरू झाल्या की ‘दर्द उठले’ असे म्हणतात. जुन्या बायकांच्या तोंडी मात्र अजून ‘वेण’ हा शब्द आहे, तोही अनेकवचनात: वेणा. हा शब्द म्हणजे संस्कृत ‘वेदना’च, प्राकृताच्या जात्यातून दळून लहान झालेला. वेदना ज्या धातूपासून निघाली त्या ‘विद्’चा अर्थ जाणणे असा आहे, आणि ‘वेद’ही त्याच घरचा. सोसणे आणि जाणणे ही भाषेच्या लेखी एकाच मुळाची दोन पाने. व्यायची कळा वांझेला काय कळे, ही निष्ठुर म्हण ह्याच समजुतीतून आली असावी. जिने सोसले नाही तिला कळले नाही, असा तिचा न्याय. दुसऱ्या बाजूला बाळंत झालेल्या बाईविषयी आपण ‘सुटली’, ‘मोकळी झाली’ असे म्हणतो. ज्या भाषेने वेणांना ज्ञानाचा मान दिला तिनेच त्या संपण्याला सुटका म्हटले. दोन्ही शब्द एकाच घरात सुखाने नांदतात. ते समोरासमोर येतात ते एखाद्या मुलीने, मला वेणा नकोत, असे शांतपणे सांगितल्यावर.

असाच प्रसंग अलीकडे गोरखपुरातल्या एका मराठी घरात आला. मुलगी पुण्यात नोकरीला. आठव्या महिन्यात आईकडे आली ती मनाशी ठरवूनच आली होती: बाळंतपणात कमरेतून वेदनाशमनाचे औषध घ्यायचे. एपिड्यूरल हा शब्द तिने उच्चारला तेव्हा स्वयंपाकघरात आई होती आणि दाराशी पाटावर आजी. आजीची चारही बाळंतपणे १९६०च्या आगेमागे घरीच, सुईणीच्या हातून झालेली. आईचे एकच, नव्वदच्या दशकात, एका सरकारी इस्पितळात. ते तीस तास चालले होते. हा ‘तीस तास’ त्या घरात एक आकडा होऊन राहिला होता. मुलीने लहानपणी हट्ट केला की तो ऐकू येई, परीक्षेत कमी गुण मिळाले की ऐकू येई. त्या तासांत काय झाले हे मात्र आईने कधीच सांगितले नव्हते.

आईचा विरोध दोन शब्दांत मावणारा होता: कमरेत सुई. सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई घेतलेल्या आणि मग जन्मभर कंबर धरून बसणाऱ्या बायकांची नावे तिला तोंडपाठ होती. ह्या नावांना उत्तर देणे सोपे नसते. एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीत त्यांना फरक आढळलेला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती बहुधा गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांमुळे, मूल कडेवर घेऊन केलेल्या कामांमुळे. पण अभ्यास दूरचा असतो आणि शेजारच्या वहिनी जवळच्या. शिवाय आईच्या विरोधाच्या तळाशी आणखी काहीतरी होते, ते तिलाही नीट सांगता येत नव्हते.

पाश्चात्त्य देशांतही ही गोष्ट सहजासहजी झालेली नाही. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी प्रसूतीत प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले तेव्हा त्यांना बायबलातला शाप ऐकवण्यात आला: ईव्हने दुःखात मुले प्रसवावीत अशी देवाचीच आज्ञा आहे. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या बाळंतपणात जॉन स्नो ह्यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतले आणि निदान प्रतिष्ठित घरांतली कुजबूज थंडावली. (पुढल्याच वर्षी ह्याच स्नो ह्यांनी लंडनच्या कॉलऱ्याचा माग एका पाण्याच्या पंपापर्यंत काढला. माणूस मोठा शोधक होता.) आपल्याकडे तसा शाप नाही. उलट चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे जे वर्णन आहे त्यात आसन्नप्रसवेची कंबर, कुशी, पाठ आणि मांड्या कोमट तेलाने हळुवार चोळाव्यात असे सांगितले आहे. आणि अडलेल्या बाईने मुसळ घेऊन कांडावे हे कोणाचे मत आत्रेयांनी साफ खोडून काढले आहे. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हाच होता. शास्त्राने सोसण्याची सक्ती केलेली नव्हती. ती केली माजघराने. ‘आम्ही नाही का सोसलं’ हे वाक्य कोणत्याही संहितेत नाही, आणि तरीही त्याच्याइतका प्रमाण मानला जाणारा दुसरा ग्रंथ नाही.

ईथर आणि क्लोरोफॉर्म ह्यांनी बाई गुंगीत जाई. तिची वेदना जाई तशी तिची जाणही जाई. मराठीत ह्या विद्येला ‘भूल’ म्हणतात ते तेव्हापुरते अगदी यथार्थ होते. कमरेतली सुई ही भूल नव्हे. बाई जागी राहते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. ह्या वाटेचा पहिला माणूस म्हणजे फिदेल पाहेस हा स्पॅनिश लष्करी शल्यवैद्य. १९२१ साली त्याने पाठीच्या कण्यातल्या ह्या जागेत औषध देण्याची रीत प्रसिद्ध केली आणि १९२३ साली मोटार अपघातात तो गेला. त्याचा लेख स्पॅनिश भाषेत पडून राहिला. इटलीच्या दोल्योत्तींनी ही गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली तेव्हा बराच काळ श्रेय त्यांच्याच नावावर होते. छोट्या भाषांत लिहिणाऱ्यांनी हे मनाशी नोंदवावे. आणि स्पॅनिश तर छोटीही नाही. पुढे सिएटलच्या राल्फ ह्यूबर नावाच्या दंतवैद्याने टोकाशी किंचित वाकवलेली सुई घडवली, एडवर्ड टुओही ह्यांनी ती कण्याच्या कामी आणली, आणि जानेवारी १९४७मध्ये हवाना शहरात मार्टिनेझ कुर्बेलो ह्यांनी त्या सुईतून मूत्रवाहिनीत घालण्याची बारीक रेशमी नळी आत सरकवून ठेवली. ती शस्त्रक्रिया अंडाशयाच्या गाठीची होती. पण नळी आत ठेवता येते म्हटल्यावर औषध तासन्तास देता येऊ लागले, आणि तासन्तास चालणारे दुखणे म्हटले की बाळंतपणाची आठवण होणारच.

मुलीने हे सारे आजीला सांगितले नाही. एका दुपारी तिने आजीचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला आणि सुई कुठे देतात ते दाखवले. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ मनाने काढली तर ती जिथे कण्याला छेदते त्याच्या जवळपास चौथा मणका येतो. त्याच्या वरची फट, किंवा तिच्याही वरची. मज्जारज्जू मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपतो, म्हणून सुई त्याच्या खाली देतात. आजीची बोटे क्षणभर तिथे थांबली. मग ती म्हणाली, ‘‘इथंच गं. दर्द आले की सुईण इथंच टाच लावून बसायची.’’ चार बाळंतपणे उलटून साठ वर्षे झाली तरी ती जागा तिच्या बोटांना सापडली.

कळा सुरू झाल्या त्या मध्यरात्रीनंतर. दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडचा, खाजगी. जबलपुरात राणी दुर्गावतीच्या नावाचे, पूर्वी लेडी एल्गिन म्हणून ओळखले जाणारे बायकांचे इस्पितळ आहे, १९५५ सालापासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीची ह्या शहराला वाण नाही. तरीही मोठी गावे सोडली तर आपल्या देशात एक भूलतज्ज्ञ चार-चार दवाखान्यांत धावत असतो, आणि वेदनाशमनाच्या बाळंतपणाला त्याचे तास लागतात, मिनिटे नव्हेत. डॉक्टरीणबाई एक सिझेरियन आटोपून आल्या तेव्हा पहाट होत आली होती. तोवर मुलीने सगळ्या कळा नुसत्याच काढल्या. पहिल्या अवस्थेतली ही वेदना गर्भाशयाकडून येणारे तंतू कण्यात शिरतात तिथे, म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपास, पोचते आणि कंबर, ओटीपोट, मांड्या असे सारे व्यापून टाकते. मुलीचा निश्चय अजून तोच होता. फक्त आता तो सांगायला तिला वाक्य पुरे करता येत नव्हते.

खरी अडचण पुढेच असते. सुई द्यायची तर बाईने पलंगाच्या कडेला बसून, हनुवटी छातीला लावून, पाठ मांजरासारखी बाहेर काढायची आणि निश्चल राहायचे. नऊ महिन्यांचे पोट घेऊन वाकणे आधीच कठीण. त्यात दर तीन-चार मिनिटांनी कळ. खांद्यांना धरून पुढे कोणीतरी उभे राहावे लागते. नर्स एकटीच होती आणि तिचे हात सामानात गुंतले होते. आई पुढे झाली. लेकीचे कपाळ तिच्या खांद्याला टेकले आणि दोन्ही हात तिच्या कमरेभोवती आले. विरोध करणारीच अशी आधार होऊन उभी राहिली. तिला सुई दिसत नव्हती. लेकीच्या डोक्यावरून दिसत होता तो फक्त मुखपट्टीवरचा डॉक्टरीणबाईंचा चेहरा, आणि त्या तर सुईकडे पाहतच नव्हत्या. कुठेतरी दूरवरचे ऐकल्यासारखे त्यांचे डोळे स्थिर होते.

कारण हे काम डोळ्यांचे नाहीच. कातडी बधिर केल्यावर जाड सुई आत जाते: कातडी, चरबी, मणक्यांच्या टोकांना जोडणारा बंध, मग दोन मणक्यांमधला बंध, आणि शेवटी पिवळ्या रंगाचा चिवट बंध. सुईच्या मागे सलाइन भरलेली सिरिंज लावलेली असते आणि तिच्या दट्ट्यावर अंगठ्याचा सततचा दाब असतो. बंधातून जाताना दट्टा हलत नाही. पिवळा बंध ओलांडला की प्रतिकार एकाएकी नाहीसा होतो आणि सलाइन आपोआप आत ओढल्यासारखे जाते. सगळी विद्या त्या नाहीसे होण्यात आहे. तिथून काही मिलिमीटर पुढे मज्जेभोवतीचे कवच, ड्यूरा माटेर. ह्या लॅटिन नावाचा अर्थ ‘कठोर माता’. बाराव्या शतकात अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा तिथल्या ‘उम्म’चे हे भाषांतर झाले, अरबीत अवयवांची नाती सांगायला आई, मुलगा अशी घरची नावे वापरीत. एपिड्यूरल म्हणजे त्या कठोर मातेच्या अलीकडचे. सुईने तिला धक्का लावायचा नसतो. शंभरात एखाद्या वेळी लागतो. मग कण्यातले पाणी झिरपते आणि बसले-उठले की डोके फुटायला लागते. त्यावरही इलाज आहे, बाईचेच रक्त काढून त्याच जागी सोडण्याचा. तरी तो टळलेला बरा.

‘‘बेटा, अब हिलना नहीं,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पहिल्या खेपेस सुई हाडाला लागली. त्यांनी ती थोडी मागे घेऊन रोख किंचित वर केला. तेवढ्यात कळ आली. सुई पाठीत, आणि कळ पोटात. मुलगी हलली नाही. तिने फक्त आईच्या पाठीवरचे पातळ मुठीत इतके आवळले की पुढे ते शिवणीत उसवलेले सापडले. आईने हललीस तर बघ, असे काही म्हटले नाही. ती लेकीच्या कानाशी आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन, ओटीवर खेळवताना मोजावेत तसे. चाळिसाच्या आसपास कळ ओसरली, आणि पुढच्या निवांत मिनिटात पाच सेंटिमीटरवर दट्टा सुटला.

नळी आत सरकली, सुई निघाली, चिकटपट्टी लागली. पहिले तीन मिलिलिटर औषध परीक्षेचे: नळी चुकून रक्तवाहिनीत असेल तर त्यातल्या अॅड्रेनलिनने नाडी धावू लागते, मज्जेभोवतीच्या पाण्यात असेल तर पाय लगेच जड होतात. तसे काही झाले नाही. मग ब्युपिवाकेन, अगदी पातळ केलेले, आणि त्यात किंचित फेंटानिल. पंधरा मिनिटांत उजव्या बाजूची कळ गेली. डावी तशीच राहिली. असे होते. नळी एका अंगाला गेली की औषधही एका अंगाला जाते. एक सेंटिमीटर नळी मागे ओढून थोडे औषध वाढवले आणि डावी बाजूही शांत झाली. मात्र त्याच सुमारास रक्तदाब ऐंशीवर आला, मुलीला मळमळू लागले, आणि यंत्रातला बाळाच्या हृदयाचा टपटप आवाज मंदावला. ती चार-पाच मिनिटे आईच्या जन्मात मावणारी नव्हती. डाव्या कुशीवर वळवणे, सलाइन जोराने सोडणे, रक्तदाब वाढवण्याचे इंजेक्शन: डॉक्टरीणबाईंनी हे घाई न करता केले, कारण पाय आणि पोटाकडच्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की दाब उतरतो हे त्यांना अपेक्षितच होते. एपिड्यूरल सुई देण्याइतकेच नंतर जवळ बसून राहण्याचे काम आहे ते ह्यासाठी. टपटप पुन्हा पूर्वीसारखी झाली तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली.

सकाळी आठ वाजता मुलगी झोपली होती. यंत्रातून सरकणाऱ्या कागदावर एकामागून एक टेकड्या उमटत होत्या. प्रत्येक टेकडी म्हणजे एक कळ, पुरत्या जोराची. आई कधी कागद पाही, कधी लेकीचा चेहरा. टेकडी चढे, शिखराला जाई, उतरे. चेहऱ्यावर एक सुरकुतीही हलत नसे. ह्या टेकड्या आईच्या ओळखीच्या होत्या. त्यांची उंची तिला माहीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि नर्सला वाटले, नात की नातू ह्या आनंदाचे. त्यात आनंद होताच. पण जे टाळता येण्यासारखे होते ते आपल्या वाट्याला का आले, आपल्याला कोणी का विचारले नाही, हेही त्यात होते. आणि तीस तासांना आजवर जी किंमत आपण लावून ठेवली होती ती आता कोणाकडे मागायची, हेही.

बाळ दुपारी झाले. एपिड्यूरलने शेवटची अवस्था थोडी लांबते, तशी ती लांबली. जोर कधी करायचा ते हाताला लागणाऱ्या पोटाच्या कडकपणावरून सांगावे लागले. चिमट्याची गरज पडली नाही. त्याच दिवशी शहरातल्या सरकारी प्रसूतिगृहांत कितीतरी बायका बाळंत झाल्या असतील. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेने त्यांना घरातून इस्पितळापर्यंत आणले, आणि त्यातून वाचलेल्या जिवांचे मोल मोठे आहे. त्यांच्या वेणा मात्र अजून त्यांच्या त्यांनाच काढाव्या लागतात. त्यांच्यापैकी एखादीने मागितले, तरी तासन्तास उशाशी बसायला भूलतज्ज्ञ कुठून आणणार? असलेला एकजण शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर येऊ शकत नाही. ज्या घरात ही सुई परवडते त्या घरात ती घ्यावी की नाही ह्यावर वाद होतो. जिथे परवडत नाही तिथे वादाचीही सोय नाही.

दहाव्या दिवशी अंगणामागच्या खोलीत शेगडी पेटवून आजीने बाळंतिणीला तेल लावायला घेतले. पाठीशी आल्यावर सुईची खूण शोधली. एव्हाना ती दिसेनाशी झाली होती. ‘‘दुखतं का?’’ तिने विचारले. ‘‘सगळीकडेच थोडं,’’ मुलगी म्हणाली. आजीने टाच लावण्याच्या त्या जागेवर तळवा फिरवला आणि खाली सरकली. आई बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. कोणी विचारले नव्हते, तरी ती बोलू लागली: श्रावण होता, वॉर्डात एका खाटेवर दोघी होत्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. मुलीने कूस बदलून आईकडे तोंड केले. आजीने शेगडीतले कोळसे सारखे केले आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली.